सुईची सावड

प्रिय बारक्या,

चिखल्याला चिकूच्या सावलीत सुखाने नांदणाऱ्या तुला डोंगराकडच्या देवजीचा रामराम. पुष्पावहिनींना नमस्कार, मनिषला आणि सुनेला आशीर्वाद, आणि तुझ्या नातीला, जिने अजून माझं तोंड पाहिलेलं नाही, तिला लांबूनच एक पापी. आम्ही सारे इथे देवाच्या दयेने बरे आहोत. भात झोडून झालं, नाचणी घरात आली, वरी थोडी रानडुकरांनी खाल्ली (त्यांचीही दिवाळी होती). तुझा गुडघा कसा आहे? जत्रेत महालक्ष्मीच्या गडावर चढताना तू मधेच दगडावर बसलास आणि म्हणालास, देवी मला इथूनही पाहते. मी तेव्हा हसलो होतो. आता माझा उजवा गुडघा तेच म्हणायला लागला आहे. पत्रात आधी खुशाली, मग मजकूर, असं गुरुजींनी आपल्याला फळ्यावर लिहून दिलं होतं. खुशाली झाली.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तू विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून. चिकूवरची वटवाघळं हाकलतोस त्या आवाजात तू हॅलो म्हणतोस, तुझं सगळं सांगून टाकतोस, आणि माझी पाळी आली की तुझ्याकडे रेंज नसते. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही. दिपक इको गाडी घेऊन सोमवारी डहाणूला येतो आहे, त्याच्याजवळ हे पत्र आणि नाचणीचं पीठ देतो. पीठ वहिनींकडे दे आणि पत्र तू वाच. (मागच्या वेळी पीठ तू उघडून पाहिलंस आणि चिठ्ठी वहिनींनी वाचली, त्यामुळे ताडीची गोष्ट बाहेर आली.)

आता मूळ गोष्ट. दिपकने तुझा निरोप आणला. तुझ्याच आवाजात, हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवला: "देवजीला सांग, त्याच्या नातीला सुईने बया आली ते आम्हाला कळलंय. आमच्या पोरीला नऊ महिने झाले, सिस्टर सारखी दारात येते, पण आम्ही सुई देणार नाही. आपण लहान होतो तेव्हा कुठे होत्या या सुया? मेलो का आपण?" आणि मग तू निरोपात न घातलेली एक बातमी त्याने स्वतःहून सांगितली. तुमच्या वाडीच्या पलीकडे जी वीटभट्टी यंदा लागली, तिथल्या मुलांना गोवर आलाय. ती मुलं तुमच्याच बोअरिंगवर पाण्याला येतात. हे ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, पण तुला माझी सवय ठाऊक आहे. मी आधी बैल सोडतो, मग गोठा झाडतो, मग हाक मारणाऱ्याला ओ देतो.

तुला कळलं ते खरं आहे, पण ते गावभर फिरून तुझ्यापर्यंत पोचताना अर्धं सांडलं. गेल्या फाल्गुनात दक्षाला, म्हणजे आमच्या नितीनच्या मुलीला, अंगणवाडीत गोवराची सुई दिली. मी स्वतः तिला मांडीवर घेऊन बसलो होतो. (तिथे काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. पोर रडली, आम्ही घरी आलो.) आमची नर्स म्हणजे शितल सिस्टर. स्कूटीवरून येते, आणि आपल्याशी बोलताना खांद्यात फोन धरून दुसऱ्या पाड्यालाही झापत असते. तिने निघताना सांगितलं होतं की आठवडाभराने थोडा ताप येईल, एखाद्या मुलाला बारीक पुरळही उठतं, आपोआप जातं, घाबरू नका. हे आमच्या सुनेने, रविनाने, नीट ऐकलं. मी अर्धवट ऐकलं. हिराबाईने ऐकलंच नाही, कारण ती पोरीचा दंड फुंकत बसली होती आणि सुईला शिव्या देत होती.

झालं तसंच. होळी तोंडावर आलेली आणि दक्षाचं अंग तापलं. दुसऱ्या दिवशी कानामागे आणि पोटावर लाल ठिपके. हिराबाईने तिला दाराशी उजेडात नेलं, पदर सरळ केला, आणि हात जोडले. बया, म्हणजे गोवराची देवी, आली होती. रविना हळूच म्हणाली, "आई, सिस्टर म्हणाल्या होत्या ना, पुरळ येतं म्हणून." हिराबाई म्हणाली, "आलं ना? मग? पुरळ घेऊन येतं कोण?" रविना पोरीचं झबलं सावरायला लागली. खरं सांगू का? मी आयुष्यभर देवाला दिवा लावत आलो आहे. देव नेमका कुठे संपतो आणि दुसरं काही कुठे सुरू होतं, याची खूण मला कोणी दाखवलेली नाही.

मग घरात बयाचा पाहुणचार सुरू झाला. तुझ्या आईने केलेला तुला आठवत असेल, तसाच. दाराला कडुलिंब हवा. आमच्या बाजूला साग आहे, मोह आहे, कडुलिंब शोधावा लागतो. नितीन मोटारसायकल घेऊन गेला आणि संध्याकाळी गाडीवर अख्खी फांदी बांधून आला, वरातीतून सुटून आल्यासारखा. चपला थेट रस्त्यावर काढायच्या. दाढी बंद, फोडणी बंद, तळण बंद. दांडीवर तुझ्या डहाणूचे सुके बोंबील टांगलेले, त्यांच्याकडे बघणंसुद्धा बंद. आणि सगळ्यात अवघड म्हणजे दक्षाशी अहो-जाहो. बया अंगात असेपर्यंत पोरीला अगंतुगं करायचं नाही. दहा महिन्यांची पोर, अजून धड उभं राहता येत नाही, आणि तिची आजी हात जोडून विचारते आहे, "बयाबाई, दूध घेता का? बयाबाई, शू केलीत का?" बयाबाईंनी नेमकी नितीनच्या अंगावर केलेली असायची. तोही "असू द्या, असू द्या" म्हणायचा.

ताप तर चटकन उतरला, आणि पुरळही गेलं. पोर पूर्वीसारखी माझ्या मिशा ओढायला लागली. मला वाटलं, आता बोंबील खाली येतील. पण हिराबाईचं म्हणणं असं की पाहुणी आपल्या मर्जीने लवकर बरी वागली म्हणून तिला लवकर हाकलायचं नसतं. तिचे जेवढे दिवस ठरलेले आहेत तेवढे तिला ठेवून घ्यायचं, मग दहीभात दाखवून पाठवणी. म्हणजे पोर बरी झाली आणि देवी राहिली. पाड्यात होळी पेटली, पोरं ढोल वाजवत नाचली, शेजारच्या सुकऱ्याकडून तळलेल्या मासळीचा वास सरळ आमच्या ओटीवर येऊन बसला, आणि मी दाढी वाढवून बिनफोडणीचं वरण खात होतो. ग्रामपंचायतीत गेलो तर शिपायाने उठून खुर्ची दिली आणि कोण गेलं म्हणून विचारलं.

आता ऐक, कारण तुझ्याकडे पोचताना सांडलं ते हेच. आमची बया सौम्य आहे, दोन ठिपके देते आणि दूध पिऊन हसते, ही बातमी पाड्यात पसरली. तुला आठवतं, आपल्या वेळी कोणाकडे हलकी बया आली की बायका आपली पोरं मुद्दाम तिथे नेऊन बसवायच्या, एकदाच काय ते उरकून जाऊ दे म्हणून. तसंच झालं. एके सकाळी मी गुरं सोडून आलो तर ओटीवर बायकाच बायका. प्रत्येकीच्या कडेवर एक मूल, आणि मधे दक्षा गोधडीवर बसलेली, एखाद्या संस्थानच्या राणीसारखी. तिच्या वाटीतली पेज चमच्याने सगळ्यांच्या तोंडात चालली होती. सुकऱ्याची बायको मला म्हणाली, "भाऊजी, तुमची बया गरीब स्वभावाची हाय. आमच्या पोराला पण तीच लागू दे. पुढं कुठली कडक येल, कोणाला ठावं." मी बयाचा यजमान, मी काय बोलणार? मी सरकून जागा दिली.

तेवढ्यात स्कूटी आली. त्या दिवशी अंगणवाडीत सुयांचा वार होता आणि तिथे एक मूल आलेलं नव्हतं. शितल सिस्टर निळा डबा खांद्याला लावून तणतणत आमच्याकडे आली, ओटीच्या पायरीवर पाऊल ठेवलं, आणि हिराबाई ओरडली, "चप्पल!" बिचारीने चप्पल रस्त्यावर नेऊन ठेवली, परत आली आणि पाहते तो काय.

"काय चाललंय हे? हळदीकुंकू?"

"बया घ्यायला आलोत," सुकऱ्याची बायको म्हणाली.

सिस्टरने एकेकीकडे बघायला सुरुवात केली. "तू गं? तू वापीला गेली होतीस ना कामाला? घरातून सासूने सांगितलं. आणि तुझं पोर आजोळी होतं ना? आणि तू तर मला बघून कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपलीस, मी पाहिलं नाही वाटतं? दारोदार फिरून माझ्या चपला झिजल्या, आणि तुम्ही सगळ्या इथे बसलात, पेज भरवत?"

एका पोराने ढेकर दिली. मग सिस्टर खाली बसली (ओटीवर, जमिनीवर, बायकांच्या मधे) आणि तिने पदराने तोंड पुसलं. तिचा राग गेला की ती दमलेली दिसते. म्हणाली, "अगं बायांनो, हिच्या अंगावर जे आलं ते हिच्यापुरतं. सुईतून आलेलं दुसऱ्याला लागत नाही. वर्षभर पेज भरवली तरी लागायचं नाही. तुम्हाला गरीब स्वभावाचीच पाहिजे ना? मग ती इथे आहे," आणि तिने डब्यावर थाप मारली.

हे मात्र हिराबाईला भिडलं. ती डब्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "हिला उघडून बघता येल?"

"नको आई, बर्फ वितळेल."

"बर्फात ठेवता?"

"थंडच ठेवावं लागतं. ऊन लागलं की उपयोग नाही तिचा."

बारक्या, त्या क्षणी हिराबाईचा चेहरा तू पाहायला हवा होतास. बयाला थंडावा लागतो, म्हणून कडुलिंब, म्हणून दहीभात, म्हणून फोडणी नाही, हे तिला तिच्या आईने सांगितलेलं. सरकारलाही ते ठाऊक आहे, हे तिला नवीन होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही इतकी वर्षं मीच तिच्याशी वाद घालत होतो. मग आत जाऊन कुंकवाची कोयरी आणली, निळ्या डब्याला हळदकुंकू लावलं, वर कडुलिंबाचा डहाळा ठेवला आणि आमची ओटी हेच त्या दिवशीचं सुयांचं ठिकाण झालं. अंगणवाडीची ताई रजिस्टर घेऊन धावत आली. एकेक पोर बसलं, रडलं, उठलं. सिस्टरने सगळ्यांना सुईनंतर अर्धा तास बसायला सांगितलं, तो अर्धा तास हिराबाईने दहीभात वाढून सत्कारणी लावला. (त्या डब्यावर कुंकवाचा डाग अजून आहे. सिस्टर म्हणते, वरच्या साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू? मी म्हटलं, पाहुणचार सांगा.)

त्या अर्ध्या तासात मी तिला बाजूला विचारलं. तुझ्या मनात आहे तेच. म्हटलं, सिस्टर, खरं सांगा, यात धोका नाही ना? ती म्हणाली, "काका, अजिबात काही होत नाही असं मी म्हणणार नाही. ताप येतो, पुरळ येतं, तुम्ही पाहिलंत. लाखांत एखाद्याला अंगावर जोराची रिअ‍ॅक्शन येते, ती लगेच येते, म्हणून तर मी अर्धा तास बसवून ठेवते आणि माझ्या बॅगेत त्याचं औषध असतं. पण गोवर आला तर तो लाख मोजत बसत नाही. कुपोषित पोरांच्या पाड्यात तर नाहीच." आणि ती परत फोन खांद्यात धरून कोणाला तरी झापायला लागली.

मी रात्रभर नाही, पण बराच वेळ त्यावर विचार केला. (माझा विचार नांगरासारखा, एकाच तासातून परत परत जातो.) आपल्या मोबाइलवर तो एक कोटवाला माणूस येतो, तुझ्याच ग्रुपवरून मला आला होता, तो सांगतो की सुईने असं होतं आणि तसं होतं, आणि त्याचा काढा घेतला तर काहीच होत नाही. शंभर टक्के. त्याच्या तोंडी 'कदाचित' हा शब्द नाही. मला वाटतं, बारक्या, मी सिस्टरवर विश्वास ठेवला तो तिने 'अजिबात काही होत नाही' म्हणायला नकार दिला म्हणून. जे घडेल असं ती म्हणाली होती, ते आठवडाभराने तसंच घडलं. चूक निघालं असतं तर मी तिच्या दारात जाऊन भांडू शकलो असतो. कोटवाल्याच्या दारात कुठे जाऊ? आणि देवाचं म्हणशील तर, इतकी वर्षं दिवा लावतो, देवाने मला एकदाही शंभर टक्के म्हटलेलं नाही. ज्याने म्हटलं त्याला मी तरी देव मानणार नाही.

आता तुझा शेवटचा प्रश्न. आपल्या वेळी कुठे होत्या सुया, मेलो का आपण?

सुया होत्या रे. शाळेत जीप आली होती ती विसरलास? चौथीत होतो. गुरुजींनी रांग लावायला सांगितली आणि आपण दोघं मागच्या खिडकीतून उडी मारून कारवीच्या झुडपांत जाऊन लपलो. नेमके लाल मुंग्यांच्या वारुळावर बसलो आणि सुईपेक्षा जास्त टोचून घेतलं. शोधून काढलं माझ्या आत्याने, बुधीबाईने. एका डोळ्याची बाई, पण तिच्या त्या एका डोळ्यातून काही सुटत नसे. आपल्या दोघांचे कान धरून तिने जीपपर्यंत नेलं. तिचा चेहरा तुला आठवतो का? सगळा खड्ड्याखड्ड्यांचा, धुळीत पावसाचे मोठे थेंब पडून वाळल्यासारखा. लहानपणी तिला जी मोठी देवी आली होती, तिने तो चेहरा केला आणि डोळा नेला. ती देवी आपल्या जन्माआधीच जगातून गेली, सुयांनी घालवली. बुधीआत्या रोज देवीला फूल वाहायची आणि जीप आली की पाड्यातली सगळी पोरं काठीने हाकत आणायची. मी एकदा विचारलं होतं, आत्या, देवीला राग नाही येत? म्हणाली, "माझा डोळा नेला तवा मी रागावले का? आता ती का रागावंल?"

आणि धरलं कोणी आपल्याला, आठवतं? गुरुजींना तू चावला होतास, म्हणून ते पुढे येईनात. तेव्हा आत्याने माझ्या हातात तुझा हात दिला आणि म्हणाली, तू याला धर. आणि मग तुला म्हणाली, आता तू याला धर. सावडच लावली तिने आपली. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. तू रडत होतास आणि मला घट्ट धरूनही होतास.

त्या दिवशी सुक्या तिथेच होता. तुझा धाकटा भाऊ. शाळेत नाव नव्हतं त्याचं, पण रोज आपल्यामागून यायचा, तुझा जुना सदरा गुडघ्यापर्यंत लोंबत, आणि वर्गाच्या उंबऱ्यावर बसायचा. हजेरी संपली की बाहेरून ओरडायचा, हजर गुरुजी! गुरुजी हसून मान हलवायचे. आत्याने त्याला उचलून डॉक्टरांपुढे केलं आणि विचारलं, गोवराची आहे का यात? ते म्हणाले, आई, ती अजून इकडे पोचली नाही. येईल.

ती आली, पण सुक्या थांबला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्हा दोघांना एकदमच गोवर आला. तुझ्या आईने काही कमी केलं नव्हतं, बारक्या. दाराला कडुलिंब होता, दहीभात होता, बयाचा मान कुठे चुकला नाही. तू उठलास. त्याचं पुरळ गेलं, पण छातीत राहिलं. नंतर कितीतरी दिवस गुरुजी हजेरी संपली की उंबऱ्याकडे बघून थांबायचे. मी तुझ्या शेजारी बसायचो, म्हणून मला ठाऊक आहे की तूही बघायचास.

तेव्हा 'मेलो का आपण' असं जे तू म्हणतोस, त्यातले आपण म्हणजे कोण कोण, ते एकदा मोजून बघ. जे उरले तेच हा प्रश्न विचारायला उरले. मी तुला शिकवत नाही. तुला राग येईल हेही मला माहीत आहे. पण भट्टीवरचा गोवर तुमच्या बोअरिंगपर्यंत आलेला आहे, आणि हे तुला मी नाही सांगायचं तर कोणी सांगायचं?

बाकी सर्व ठीक. वहिनींना सांग की पिठात मीठ घातलेलं नाही. गुडघ्याला तेल लाव. महालक्ष्मी तुम्हा सर्वांना सुखी ठेवो.

तुझा,
देवजी

ता. क. हे मी रविना लिहिते आहे. पत्र पाकिटात घालायला दिलं होतं, आईंनी वाचून घेतलं आणि पुढचं लिहायला सांगितलं आहे. त्या सांगतात तसंच लिहिते: "बारक्याभाऊ, यांनी तुम्हाला लिहिलंय की पोरीला मांडीवर घेऊन बसले. बसले हे खरं. सुई बघितली आणि आडवे झाले. पोर अंगणवाडीच्या ताईने वरच्यावर झेलली, आणि हे तांदळाच्या गोणीवर. कपाळाला हे एवढं टेंगूळ. सिस्टर पोरीला सोडून यांनाच पाणी मारत बसली. सुईचा एवढा मोठा त्रास पाड्यात दुसऱ्या कोणाला झाला नाही, आणि यांना तर सुई दिली पण नव्हती. म्हणून सिस्टर काय बोलली ते यांनी अर्धं ऐकलं. पुष्पाला सांगा, बया चांगली आहे, डब्यातली पण. तिला थंडच ठेवतात."

ता. क. २. रविनाच्या अक्षरात वर जे आहे ते मी आताच वाचलं. नाकारत नाही. पण बारक्या, त्यामुळेच तर लिहायला बसलो होतो, आणि मूळ काम सांगायचं राहूनच गेलं. दक्षा आता दीड वर्षाची झाली. तिची दुसरी सुई आली आहे, आणि या वेळी एक नाही, दोन आहेत. धरायला घरात माणूस नाही. नितीनची पाळी कारखान्यात, रविना पोरीच्या आधी रडते, हिराबाई डब्याला हळदकुंकू लावण्यात गुंतणार, आणि माझं तुला कळलंच. मला असं वाटतं की आपल्या नातीला सुई टोचताना माणूस पडतो, दुसऱ्याच्या नातीला टोचताना पडत नसावा. म्हणून सावड करू. मी तुझी धरतो, तू माझी धर. सावडीचा नियम तुला ठाऊक आहे, ज्याच्या शेताला घाई त्याच्याकडे आधी. भट्टी तुमच्या बाजूला आहे, म्हणून आधी तुझ्याकडे. तुमच्या सिस्टरचा वार कोणता ते दिपकला सांग, मी त्याच्याच इकोत बसून येतो. मी पडलोच तर चिकूखालची माती मऊ आहे, लागणार नाही.

आणि आमच्याकडे येशील तेव्हा दक्षाला तसंच धर, जसं त्या दिवशी मला धरलं होतंस. सुईचं दुखणं मी तिथेच विसरलो. तुझ्या बोटांचे वळ मात्र संध्याकाळपर्यंत दंडावर होते, आणि सुक्या ते हात लावून बघत होता.